तीन डॉक्टर आणि एक मान

"अजून एकाला दाखवून तर बघ!" गेल्या पाच महिन्यांत हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता कोणी फोनवर "मान काय म्हणतेय गं?" असं विचारलं की पुढचं वाक्य मीच म्हणून टाकते. मावशी, आत्या, वहिनी, रागावू नका, पण नुसती मतं गोळा करून मान बरी होत नाही.

तर झालं असं. उजव्या खांद्यातून कळ निघाली ती थेट अंगठ्यापर्यंत. अंगठा आणि शेजारच्या बोटाला मुंग्या. कुकरचं झाकण लावताना डोळ्यांत पाणी. एमआरआयमध्ये दोन ठिकाणी गादी सरकलेली निघाली, पाचव्या-सहाव्या मणक्यामध्ये आणि सहाव्या-सातव्यामध्ये.

पहिल्या सर्जननी फिल्म उजेडाकडे धरली. माझ्या हाताला हातही लावला नाही. "दोन्ही लेव्हल करून टाकू. उशीर केलात तर हात जाईल." दुसरे न्यूरॉलॉजिस्ट. "ऑपरेशन? छे! कोणी सांगितलं?" सहा आठवडे गोळ्या. तिसरी फिजिओथेरपिस्ट, तिच्या मते सगळा दोष माझ्या ऑफिसातल्या खुर्चीचा. (शेजारच्या काकांचे वैद्य ग्रीवाबस्ती करा म्हणाले, ते धरलेलं नाही.) आणि प्रत्येकाचा आवाज कसा, तर ब्रह्मदेवाने कानात सांगितल्यासारखा!

डॉक्टरांत मतभेद आहेत याचा मला राग नाही. इथलं ज्ञानच तेवढं पक्कं नाही. जपानमध्ये १२११ निरोगी लोकांच्या मानेचे एमआरआय काढले होते, २०१५ मध्ये ते प्रसिद्ध झालं. काहीही दुखत नसलेल्या त्या लोकांपैकी ८७.६ टक्क्यांची गादी कुठे ना कुठे फुगलेली होती. विशीतल्या पोरापोरींचीसुद्धा! म्हणजे नुसत्या फिल्मवरून दुखणं कळत नाही. स्वीडनमध्ये ८१ रुग्णांचे तीन गट केले होते: ऑपरेशन, फिजिओ आणि मानेचा पट्टा. तो अभ्यास १९९७ चा. ऑपरेशनवाल्यांना आराम लवकर पडला, पण वर्षभराने तिन्ही गटांत फारसा फरक उरला नव्हता. म्हणजे सर्जन अगदीच चूक नव्हते, आणि बाकीचे दोघेही नव्हते. हे मला तिघांपैकी एकानेही सांगितलं नाही. उरलेले दोघे मूर्ख आहेत एवढंच प्रत्येकाने सुचवलं. एकाने दुसऱ्याला फोन करावा? नाव नको! फाईल काखेत मारून निरोप्याचं काम मी करायचं, तेही दुखऱ्या हाताने.

कोणी म्हणेल, बाहेर एवढे पेशंट ताटकळलेले, डॉक्टरला वेळ कुठे असतो? मान्य. पण पहिल्या ठिकाणी सेमी-प्रायव्हेट रूम हवी की डिलक्स, हे समजावायला एक माणूस वीस मिनिटं माझ्यासमोर बसला होता हो.

न्यूरॉलॉजिस्टना मात्र श्रेय द्यायला हवं. त्यांनी मान वळवून डोक्यावर दाब दिला, तशी कळ सर्रकन अंगठ्यात गेली. "ही सहावी नस. हिचा संबंध वरच्या गादीशी. खालची असती तर बहुधा मधलं बोट बोललं असतं." मग खालच्या गादीचं ऑपरेशन कशासाठी? फिल्ममध्ये दिसते म्हणून? पुढे त्यांनी मला टाचेला पंजा लावून चालवलं, हातोडी मारून पाहिली, बटणं लावता येतात का, लघवीवर ताबा आहे का, हेही विचारलं. मज्जारज्जूवर दाब येत असेल तर थांबून चालत नाही. हाताची ताकद कमी होत चालली तरी नाही. खरी भीती कशाची बाळगायची ते मला त्या दिवशी कळलं. "हात जाईल" म्हणणाऱ्यांनी यातलं काहीच तपासलं नव्हतं.

पण सहा आठवड्यांनी बरं नाही वाटलं तर काय, असं विचारल्यावर तेही म्हणाले, "बघू."

असो. मी त्यांच्याकडेच थांबले आहे. कळ निम्म्यावर आली, अंगठा अजून बधिर आहे. रोज सकाळी ब्लाऊजचे हूक लावताना बोटांवर लक्ष ठेवते. गुरुवारी पुन्हा जायचंय. कागदावर एकच प्रश्न लिहिलाय: माझ्यात काय बदल दिसला तर तुम्ही तुमचं मत बदलाल? उत्तर त्यांच्याच अक्षरात त्याच कागदावर घेणार, "बघू" वर उठणार नाही.

आत्या, तू पाठवलेला नाशिकच्या डॉक्टरांचा नंबर मिळाला. फोन करणार नाहीये.