‘ए नवीन’ला नाव असतं

सेलचा सीझन आला की कॉलेजच्या ग्रुपवर मेसेज फिरायला लागतात. ‘गोडाऊनला पोरं पाहिजेत, पॅकिंगचं काम, रोजचे रोज पैसे.’ मानकोली, अंजूर फाटा, काल्हेर, पूर्णा... भिवंडीतल्या कितीतरी मुलामुलींनी पहिली कमाई याच पट्ट्यात केली आहे. कुणी हातात स्कॅनर घेऊन, कुणी सुताच्या दुकानात बिलं बनवत, कुणी एखाद्या ऑफिसात फाइली लावत. त्या पहिल्या दिवसातलं काय लक्षात राहिलं, असं स्वतःला विचारून बघा. पगाराचा आकडा नंतर आठवतो. आपल्याशी कोण कसं बोललं, ते आधी आठवतं.

माझंच सांगते. सेकंड इयरच्या सुट्टीत मी एका ऑफिसात डेटा एन्ट्रीला होते. पहिले दहा दिवस माझं नाव ‘ए नवीन’ होतं. ‘ए नवीन, झेरॉक्स काढ.’ ‘ए नवीन, चहा सांग.’ घरी येऊन आईसमोर चिडचिड करायचे. मग माझ्यानंतर एक मुलगा कामाला लागला. आणि मी त्याला काय म्हटलं असेल? ‘ए नवीन, ती फाइल आण.’ त्याने मुकाट आणून दिली. मला त्या क्षणी बरं वाटलं, हे लिहितानाही लाज वाटते.

अपमान असाच चालत राहतो. वरून खाली. शेठ मुकादमावर ओरडतो, मुकादम कारागिरावर, कारागीर कांडी भरणाऱ्या पोरावर. प्रत्येकाला वाटतं, आपण सोसलं, आता दुसऱ्याने सोसावं. कॉलेजातल्या रॅगिंगला आपण नावं ठेवतो. कामाच्या जागी त्यालाच ‘ट्रेनिंग’ म्हणतो.

यावर तुमच्यातलं कुणी म्हणेल, ‘अगं, ही भिवंडी आहे. लूमच्या खडखडाटात प्लीज-थँक्यू कोण म्हणणार?’ हे अर्धं खरं आहे. कारखान्यात शेजारच्याला ऐकू जायचं तर ओरडावंच लागतं, नाहीतर खुणा कराव्या लागतात. पण मोठा आवाज आणि हलका शब्द या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘धागा तुटलाय, बघ!’ असं ओरडण्यात काही अपमान नाही. त्याच वाक्याला आईबहिणीची शिवी जोडली की आहे. आणि त्याचं नुकसान कामालाही होतं. ताण्याचा धागा तुटला आणि वेळेत जोडला नाही, तर कापडात लांब रेष पडत जाते. शिव्यांच्या भीतीने कारागिराने ते सांगितलंच नाही, तर खराब माल कुणाचा जाणार? ज्या जागी चूक कबूल करायला भीती वाटते, तिथे चुका कमी होत नाहीत. फक्त लपवल्या जातात.

विणकामाशी जोडलेली एक गोष्ट आपल्या शहराने तरी विसरू नये. मुंबईच्या कापड गिरण्यांमध्ये विणाई खात्यात पगार चांगला मिळायचा, पण दलित कामगारांना तिथे प्रवेश नव्हता. कारण काय, तर कांडी बदलताना धोट्याच्या छिद्रातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागायचा, आणि ‘त्यांच्या’ तोंडाला लागलेला धोटा आपण कसा तोंडाला लावायचा, असं बाकीच्यांचं म्हणणं! 1928च्या गिरणी संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा मुद्दा कामगार पुढाऱ्यांपुढे लावून धरला. हक्कांसाठी एकत्र लढणारे कामगार आपल्याच सोबत्याला कमी लेखत होते, हे त्यांनी स्पष्ट दाखवलं.

त्यांनी स्वतः हे भोगलं होतं. परदेशात शिकून बडोद्याच्या नोकरीत रुजू झाल्यावर शिपाई त्यांच्या टेबलावर लांबून फाइली फेकायचे. नंतर मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तर स्टाफच्या माठातलं पाणी त्यांनी पिण्यावर सहकाऱ्यांनी हरकत घेतली. म्हणजे डिग्री मोठी असली की मान आपोआप मिळतो, असं नाही. आणि समोरचे सगळे शिकलेले असले म्हणून ते नीट वागतील, असंही नाही.

‘ते जुनं झालं’ म्हणण्याआधी आपल्या ऑफिसातले चहाचे कप एकदा बघा. सफाई करणाऱ्या मावशींचा कप वेगळा ठेवलेला आहे का? आपण त्यांना मावशी म्हणतो, ते चांगलंच. पण त्यांचं नाव आपल्याला माहीत आहे? वॉचमन काका, चायवाला छोटू, डिलिव्हरीवाले भैया, ही नाती आपण जोडतो आणि पुढे ‘जरा लवकर कर ना’ म्हणत सरळ ‘तू’वर येतो. ज्या तोंडाने मॅनेजरला ‘सर, तुम्ही’ म्हणतो, त्याच तोंडाने वडिलांच्या वयाच्या हमालाला ‘ए, उचल’ म्हणतो. खरी परीक्षा इथेच होते. वरच्याशी नम्र वागायला संस्कार लागत नाहीत, पगाराची भीती पुरते.

एक गैरसमज मात्र नको. नीट वागणं म्हणजे गप्प सोसणं नव्हे. विशेषतः मुलींनो, ‘ते सर जरा मस्करी करतात, सवय होईल’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध 2013चा कायदा आहे. दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तिथे अंतर्गत समिती असायलाच हवी. त्याहून लहान जागा असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. ट्रेनी, कंत्राटी, रोजंदारीवरचे, अगदी बिनपगारी काम करणारेही यात येतात. तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते. जॉइन होताना पगार विचारता ना? ‘समितीत कोण आहे?’ हेही विचारा.

बाकी रोजच्या वागण्यासाठी कायदा येणार नाही. तिथे आपणच आहोत. ओळख नसलेल्या माणसाला ‘तुम्ही’ म्हणा, मग तो कोणत्याही कामाचा असो. चूक दाखवायची तर बाजूला घेऊन दाखवा, आणि चुकीबद्दल बोला, त्याच्या गावाबद्दल, भाषेबद्दल, जातीधर्माबद्दल नको. भिवंडीत एकाच कारखान्यात मराठी, हिंदी, उर्दू, तेलुगू ऐकू येते. तिथे ‘तुमचे लोक असेच’ या एका वाक्याने महिन्याभराची दोस्ती मोडते. आपली चूक असेल तर ‘सॉरी, माझं चुकलं’ म्हणा. त्याने पद खाली येत नाही.

मी त्या मुलाला शेवटच्या दिवशी नाव विचारलं. त्याने सांगितलं, आणि हसून म्हणाला, ‘ताई, इथे पहिल्यांदाच कुणी विचारलं.’ सोमवारी तुम्ही कामावर जाल तेव्हा तुमच्या आसपास एखादा ‘ए नवीन’ असेल. त्याला शेवटच्या दिवसापर्यंत थांबायला लावू नका.