पाचव्या विजेतेपदाचा हिशेब

मार्च 2024 मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत महाविद्यालयीन कुस्तीची राष्ट्रीय स्पर्धा भरली, तेव्हा 174 पौंडांच्या गटात कार्टर स्टारोचीला मानांकन मिळालं नववं. स्टारोची हा पेन स्टेट विद्यापीठाचा पैलवान आणि हीच स्पर्धा लागोपाठ तीनदा जिंकलेला. गुडघा दुखावल्यामुळे आधीच्या बिग टेन या प्रादेशिक स्पर्धेत त्याला माघार घ्यावी लागली होती आणि त्याचा फटका मानांकनाला बसला. नरसिंग यादव किंवा विजय चौधरी यांच्यासारख्या तीन वेळच्या महाराष्ट्र केसरीला जत्रेच्या मैदानात भरदुपारच्या कुस्त्यांमध्ये उभं करावं, तसलाच हा प्रकार. दुखऱ्या गुडघ्यानिशी स्टारोची अंतिम फेरीत पोचला, ओहायो स्टेटच्या रॉको वेल्शला त्यानं 2-0 असं हरवलं आणि चौथं विजेतेपद खिशात टाकलं.

पुढच्या वर्षी फिलाडेल्फियात त्यानं पाचवं मिळवलं.

ही स्पर्धा 1928 पासून चालू आहे. पॅट स्मिथ, केल सँडरसन, काइल डेक, लोगन स्टीबर अशा मोजक्या मल्लांनी तिथे चार विजेतेपदं मिळवली. डेकनं तर चार वर्षांत चार वेगवेगळ्या वजनगटांत. पाच मात्र कुणालाच जमली नव्हती. जमणार तरी कशी? पदवी चार वर्षांची आणि खेळायला मिळतात चार हंगाम. मग स्टारोचीला पाचवा हंगाम कुठून मिळाला? त्याचं उत्तर मॅटवर सापडत नाही. ते आहे पात्रतेच्या वहीत. आणि अमेरिकेच्या महाविद्यालयीन कुस्तीचं आजचं दुखणंही त्याच वहीत आहे.

आधी या मंडळींचं ज्याबद्दल कौतुक केलं पाहिजे ते सांगायला हवं. दहा वजनगट, प्रत्येकात 33 मल्ल, एकूण 330. यातल्या बहुतेक जागा प्रादेशिक स्पर्धांना वाटून दिल्या जातात. कुठल्या विभागाला किती जागा, हे तीन गोष्टी पाहून ठरतं: मल्लाच्या विजयांची टक्केवारी, प्रशिक्षकांनी मिळून केलेली क्रमवारी आणि समोर आलेले प्रतिस्पर्धी किती तगडे होते याचं गणित. हे आकडे प्रादेशिक स्पर्धांच्या आधीच जाहीर होतात. 2019 पासून तर तेहतीसच्या तेहतीस जणांना मानांकन मिळतं. आपल्या मैदानात जोड लावताना वस्ताद मंडळी जे डोक्यात करतात, ते इथे कागदावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होतं. ज्याला भांडायचंय त्यानं आकडे घेऊन भांडावं.

सांघिक गुणांचा हिशेबही तसाच उघडा. वैयक्तिक विजेत्याचे 16 गुण, उपविजेत्याचे 12, आठव्याचे 3. मुख्य फेरीत एकेक पायरी वर चढल्याबद्दल एकेक गुण. चितपट केलं तर वरचे 2, तांत्रिक सरशीचे दीड, आठ किंवा अधिक गुणांच्या फरकानं जिंकलं तर 1. म्हणजे अंतिम फेरीपर्यंतच्या चार पायऱ्या धरून विजेता आपल्या संघाला किमान 20 गुण देतो आणि अंतिम कुस्तीसह पाचही कुस्त्या चितपट केल्या तर 30. एवढं हाताशी असलं की स्पर्धेच्या आदल्या रात्री कुणीही चाहता कागद-पेन घेऊन बसतो आणि कोणता संघ किती गुण मिळवेल ते अर्ध्या गुणापर्यंत मांडतो. या भाकितांचं तिथे वेडच आहे.

भाकितं फसतात ती दोन तऱ्हांनी. पहिली तऱ्हा मॅटवरची आणि ती लोभस आहे. 1970 साली आयोवा स्टेटचा डॅन गेबल अंतिम कुस्तीला उतरला तेव्हा शाळा आणि कॉलेज मिळून 181 कुस्त्यांत तो हरला नव्हता. वॉशिंग्टनचा लॅरी ओविंग्ज खास गेबलशी गाठ पडावी म्हणून वजन उतरवून 142 पौंडांत आला होता. त्यानं 13-11 अशी बाजी मारली. गेबलची कॉलेजमधली ती एकमेव हार. दोन वर्षांनी म्युनिक ऑलिम्पिकमध्ये त्यानं एकही गुण न देता सुवर्णपदक मिळवलं. कुस्तीतले जाणकार त्याचं श्रेय ओविंग्जलाही देतात, आणि ते खरंच असावं.

2023 मध्ये आयोवाच्या स्पेन्सर लीच्या बाबतीत हेच झालं. चौथ्या विजेतेपदासाठी आलेला ली उपांत्य फेरीत पर्ड्यूच्या मॅट रामोसकडून चितपट झाला, तेही कुस्ती संपायला जेमतेम एक सेकंद उरला असताना. हाच ली पुढे पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 57 किलोत रौप्यपदक विजेता ठरला. त्याच गटात आपल्या अमन सहरावतनं कांस्यपदक मिळवलं, म्हणजे हे नाव मराठी वाचकाला अगदीच परकं नाही.

दुसरी तऱ्हा कचेरीतली. तिच्यात लोभस काही नाही.

नियम मुळात साधा होता. कॉलेजात पाऊल टाकल्यापासून पाच वर्षं आणि त्यातले चार हंगाम खेळायचे. उरलेल्या एका वर्षी मल्ल संघाबरोबर मेहनत करतो, पण त्याचा हंगाम खर्ची पडत नाही; याला तिथे रेडशर्ट म्हणतात. गावातल्या तालमीत पोराला वर्षभर नुसता खुराक आणि जोर-बैठकांवर ठेवतात, मैदान दाखवत नाहीत, तसंच काहीसं. पुढे त्यात सवलती आल्या. 2022 पासून पहिल्या वर्षाचा मल्ल पाच दिवस स्पर्धेत उतरूनही रेडशर्ट राहू शकतो. दुखापतीसाठी वेगळे अर्ज, वेगळी वर्षं.

मग कोरोना आला. मार्च 2020 मध्ये मिनियापोलिसची राष्ट्रीय स्पर्धा आठवड्याभरावर असताना रद्द झाली. त्या हंगामात आयोवाचा संघ पहिल्या क्रमांकावर होता. त्या वर्षी कुस्तीसारख्या हिवाळी खेळांतल्या खेळाडूंना गेलेला हंगाम परत मिळाला नाही. वसंतातल्या खेळांना मात्र मिळाला, कारण त्यांचा हंगाम अर्धवट राहिला होता. आणि 2020-21 मध्ये, जेव्हा राष्ट्रीय स्पर्धा रीतसर झाली, तेव्हा तो हंगाम कुणाच्याच खात्यात धरला गेला नाही! ज्यांची स्पर्धा झालीच नाही त्यांचं वर्ष मोजलं. ज्यांची झाली त्यांचं मोजलं नाही. स्टारोचीचं पहिलं विजेतेपद या न मोजलेल्या 2021 मधलं आहे. यात त्याचा दोष तिळमात्र नाही. त्याला दार उघडं दिसलं, तो आत गेला आणि शेवटच्या कुस्तीत नॉर्दर्न आयोवाच्या पार्कर केकाइसनला, म्हणजे आदल्या वर्षीच्या 184 पौंडांच्या विजेत्याला, 4-3 असं हरवून बाहेर आला. पण हे पाचवं विजेतेपद स्मिथ किंवा सँडरसनच्या चारांच्या डोक्यावर ठेवणं म्हणजे वेगवेगळ्या मापांनी मोजलेलं दूध एकाच घागरीत ओतणं.

गेबल स्टीव्हसनचं उदाहरण तर याहून बोलकं. डॅन गेबलवरूनच ज्याचं नाव ठेवलं, तो हा मिनेसोटाचा हेवीवेट. 2018 मध्ये कॉलेजात दाखल, टोकियोत ऑलिम्पिक सुवर्ण, दोन राष्ट्रीय विजेतेपदं, मग डब्ल्यूडब्ल्यूईच्या रिंगणात, मग बफेलो बिल्स या अमेरिकन फुटबॉल संघाच्या सरावात आणि त्यानंतर 2024-25 मध्ये पुन्हा कॉलेजच्या मॅटवर. त्याच्यासमोर उभे राहिलेले काही जण नुकतेच शाळेतून आलेले. फिलाडेल्फियाच्या अंतिम कुस्तीत, राष्ट्राध्यक्ष ट्रम्प समोर बसलेले असताना, वायुदल अकादमीतून ओक्लाहोमा स्टेटला आलेल्या वायट हेन्ड्रिक्सननं शेवटच्या क्षणांत टेकडाउन घेऊन, म्हणजे त्याला खाली पाडून ताबा मिळवून, त्याला 5-4 असं पाडलं. सारं सभागृह उठून उभं राहिलं. झकास कुस्ती झाली, त्यात वादच नाही. पण ती विद्यार्थ्यांची कुस्ती होती का, असा प्रश्न कुणी विचारला तर त्याला रसभंग करणारा म्हणू नये.

खेळाच्या प्रशासकांना हवं तेव्हा कडक होता येतं, हे अमेरिकेनंच दाखवलंय. 1997 च्या अखेरीस कँपबेल, विस्कॉन्सिन-ला क्रॉस आणि मिशिगन या तीन ठिकाणचे तीन तरुण मल्ल वजन उतरवताना दगावले. पहिल्या आणि तिसऱ्या मृत्यूत जेमतेम महिन्याचं अंतर. त्यानंतर रबरी सूट आणि सॉना यांवर बंदी आली, वजनगटांच्या मर्यादा वाढवल्या गेल्या, वजन कुस्तीच्या अगदी आधी घ्यायचं ठरलं. आता हंगामाच्या सुरुवातीला शरीरातलं पाणी आणि चरबी तपासून प्रत्येकाचं किमान वजन ठरतं आणि आठवड्याला दीड टक्क्याहून जास्त वजन कमी करता येत नाही. पॅरिसमध्ये शंभर ग्रॅम जास्त वजनामुळे विनेश फोगाट बाद झाली, तेव्हा हळहळलेल्या भारतीय वाचकाला या नियमांचं मोल वेगळं समजावून सांगायला नको. त्यांत ओळखीपाळखी चालत नाही. पात्रतेच्या घड्याळाला असाच कडकपणा का नको?

विक्रमांच्या बाबतीतही अशीच गल्लत होते. केल सँडरसन प्रशिक्षक असलेल्या पेन स्टेटनं 2024 मध्ये 172.5 गुण केले, दुसऱ्या कॉर्नेलपेक्षा बरोबर 100 जास्त, आणि आयोवाचा 1997 चा 170 गुणांचा विक्रम मोडला. 2025 मध्ये 177 गुण आणि दहाच्या दहा मल्ल पहिल्या आठांत. संघ अफाट आहे. मात्र विक्रम मोडला त्याच हंगामापासून टेकडाउनला दोनाऐवजी तीन गुण मिळू लागले. त्यामुळे कुस्तीतलं गुणांचं अंतर वाढतं आणि वरचे गुण मिळवणं सोपं होतं. 1997 हे डॅन गेबलच्या प्रशिक्षकपदाचं शेवटचं वर्ष. त्याच्या पोरांनी ते 170 गुण दोन गुणांच्या टेकडाउनवर कमावले होते.

उपाय अवघड नाही. प्रवेशाच्या दिवशी घड्याळ चालू करावं, पाच वर्षांनी बंद करावं आणि मधल्या काळात मल्लानं हवे तितके हंगाम खेळावेत. रेडशर्ट नको, पाच दिवसांची पळवाट नको, सहाव्या वर्षाचे अर्ज नकोत. दुखापत झालेल्या पोरावर यात अन्याय होईल, हा आक्षेप खरा आहे. पण 2025 पासून, खेळाडूंच्या मोबदल्याबद्दलच्या नव्या न्यायालयीन तडजोडीत सामील झालेल्या विद्यापीठांना कुस्तीचा संघ तीस जणांपुरता आखावा लागतो. आता सातव्या वर्षी परतणारा प्रत्येक अनुभवी मल्ल एका अठरा वर्षांच्या पोराची जागा घेतो, आणि त्या पोराच्या वतीनं अर्ज करणारं कुणी नसतं.

मराठी मुलुखातून हे सगळं सांगायला एक जुना धागाही आहे. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे खाशाबा जाधव 1948 च्या लंडन ऑलिम्पिकला गेले तेव्हा त्यांना मॅटवरच्या कुस्तीचे धडे दिले ते रीस गार्डनर या अमेरिकी मल्लानं. चार वर्षांनी हेलसिंकीत खाशाबांनी कांस्यपदक जिंकलं. अमेरिकेकडून आजही घेण्यासारखं आहे: क्रमवारीचं उघडं गणित, कुठली जागा कशी मिळाली याचा जाहीर कागद. महाराष्ट्र केसरीसाठी राज्याच्या कुस्ती संघटनांनी तेवढं केलं तरी निम्मी भांडणं मैदानाबाहेरच मिटतील. सवलतींचा गुंता मात्र तिकडेच राहू द्यावा.

आणि अमेरिकेतल्या विक्रमांच्या पुस्तकात एक दुरुस्ती तेवढी व्हावी. 2020 च्या ओळीसमोर आज विजेत्यांची नावं नाहीत, कारण स्पर्धाच झाली नाही. स्टारोचीच्या पाच विजेतेपदांखाली बारीक अक्षरांत छापावं की यातला एक हंगाम मोजला गेला नव्हता. आणि 2020 च्या ओळीखाली तितक्याच बारीक अक्षरांत छापावं की तो मोजला गेला होता.