गाणें ओळखा, पण कोणत्या अक्षरांत?

गेल्या गणेशोत्सवांत मिरा रोड येथील आमच्या गृहसंस्थेच्या मंडपांत घडलेला एक लहानसा प्रसंग प्रथम सांगतों. 'गाणें ओळखा' हा खेळ चालला होता. ज्यांच्या घरीं कॉलेजांत जाणारीं मुलें आहेत त्यांस तो समजावून सांगावयास नको. इतरांसाठीं थोडक्यांत सांगतों. फळ्यावर 'बॉलिवूड' हा शब्द रोमन लिपींत लिहावयाचा, म्हणजे नऊ अक्षरें होतात. त्याखालीं मनांत धरलेल्या गाण्याच्या नांवांतील दर रोमन अक्षरामागें एक रेघ ओढावयाची, स्वर तेवढे आधीं भरून द्यावयाचे, आणि समोरच्या पक्षानें एकेक व्यंजन सुचवीत नांव पुरें करावयाचें. व्यंजन चुकलें कीं वरच्या नवांपैकीं एक अक्षर खोडलें जातें. नवही खोडलीं गेलीं कीं डाव संपला. गाण्यांविषयीं नियम एकच होता : गाणें हिंदी असावें, कारण तें 'सर्वांस समजतें'.

सुमारें नऊ वर्षांच्या एका मुलाची पाळी आली. त्याच्या आईनें फारच आग्रह धरला म्हणून त्याला एक मराठी गाणें घालण्याची सवलत मिळाली. त्यानें 'मेंदीच्या पानावर' हें सुरेश भटांचें, हृदयनाथ मंगेशकरांनीं चाल दिलेलें आणि लताबाईंनीं गायिलेलें गीत मनांत धरलें आणि सोळा रेघा ओढल्या. डाव चांगला रंगला. समोरच्या पक्षास नांव ओळखतां आलें नाहीं; पण उत्तर फळ्यावर येतांच गलका उडाला कीं स्पेलिंग चुकलें! 'मेंदी'मधला 'एच' कोठें गेला? शब्द 'मेहेंदी' असा आहे! परीक्षकांनीं फोनमध्यें कांहीं पाहिलें आणि मुलाचे दोन गुण कापले. मुलगा रडला नाहीं. त्यानें आईस एवढेंच विचारलें, "मग आपण घरीं चुकीचें बोलतों का?"

ह्या प्रश्नास मंडपांत कोणीं उत्तर दिलें नाहीं. मीही तोंडांत मिठाची गुळणी धरून बसलों, आणि त्याची लाज वाटते म्हणून हें लिहितों आहें.

मी स्वतः इंग्रजी वाङ्मय शिकवून पोट भरणारा मनुष्य आहें. रोमन लिपीशीं माझें वैर असण्याचें कारण नाहीं. इंग्रजी शब्दाला एक शिष्टमान्य स्पेलिंग असतें, तें कोशांत सांपडतें, आणि म्हणून इंग्रजांच्या घरीं अक्षरें ओळखण्याचा हा खेळ न्यायाचा होतो. आमच्या गाण्यांच्या शब्दांना रोमन लिपींत असें कोणतें स्पेलिंग आहे? टी, ए, टी हीं तीन अक्षरें पुढें आलीं तर तीं तट, ताट, तात कीं टाट, हें ब्रह्मदेवास तरी सांगतां येईल काय? 'पाणी' आणि 'पानी' ह्यांतील भेद हाच मराठी आणि हिंदी ह्यांतील भेद. रोमन पाटीवर तो उरतच नाहीं. 'वेळ' आणि 'वेल', 'माळ' आणि 'माल', 'बाळ' आणि 'बाल' हीं जुळीं भावंडें होऊन बसतात. ज्या भाषेनें 'ळ' आणि 'ण' जिवापाड जपले, तिच्या मुलांना ह्या खेळांत ते दोन वर्ण सुचवितांच येत नाहींत. असा खेळ गाण्यांचा नव्हेच. ज्याचें स्पेलिंग फोनमध्यें अधिक वेळां आढळतें त्याचें खरें, असा तो एक न्याय आहे.

दूर कशाला, आमच्या गांवाचेंच पाहा. महानगरपालिका २००२ सालीं स्थापन झाली. तिच्या मराठी पाटीवर 'मिरा भाईंदर' असें लिहिलेलें असतें. रोमन लिपींत हें नांव कोणी शेवटीं 'ए-आर' लावून लिहितो, कोणी 'ई-आर' लावून. आणि हिंदी वृत्तपत्रें 'मीरा-भायंदर' असें छापतात. हें 'भायंदर' रोमन पाटी वाचूनच जन्मास आलें, असा माझा दाट संशय आहे. ज्या गांवाला रोमन लिपींत स्वतःचें नांव एका रीतीनें लिहितां येत नाहीं, त्यानें एका मुलाचे गुण स्पेलिंगसाठीं कापावे!

आतां 'सर्वांस समजतें' ह्या वाक्याकडे वळूं. हें वाक्य आमच्या शहरांत इतकें चलनी झालें आहे कीं तें नाणें खरें कीं खोटें हें कोणी वाजवूनही पाहात नाहीं. २०१६ सालीं 'सैराट' निघाला, तेव्हां 'झिंगाट' हें गाणें आमच्या रस्त्यावरील प्रत्येक वरातींत वाजत होतें. नाचणाऱ्यांची मातृभाषा गुजराती, मारवाडी कीं भोजपुरी, हें कोणीं विचारलें नाहीं. २०१८ सालीं 'धडक' चित्रपटासाठीं त्याचें हिंदी रूप करण्यांत आलें, तें सर्वांस न समजल्यामुळें नव्हे, सर्वांस आवडल्यामुळें. २०११ सालीं धनुष ह्या नटाचें 'कोलवेरी' हें अर्धें तमिळ, अर्धें इंग्रजी गाणें देशभर गाजलें. (आम्हीं त्याचें 'कोलावेरी' केलें, तेंही रोमन लिपीच्याच कृपेनें.) २०२३ सालीं 'नाटू नाटू' ह्या तेलुगु गाण्यास ऑस्कर मिळालें, आणि आमच्या जिन्यावरचीं पोरें तें महिनोन् महिने म्हणत होतीं. १९७३ च्या 'बॉबी'मधील एका गाण्यांत गोव्याच्या कोंकणी लोकगीताचें पालुपद आहे. तें म्हणतांना आपल्या ओठांवर कोंकणी आहे ह्याची आठवणही आपल्याला होत नाहीं. गाण्याला समजावें लागतें हा समज गाणें न ऐकणाऱ्यांचा. तेव्हां 'सर्वांस समजतें' ह्याचा खरा अर्थ 'इतरांनीं तसदी देऊं नये' असा आहे. त्या मंडपांत केरळांतील एक वृद्ध गृहस्थ दोन तास हंसतमुखानें बसून होते. त्यांना एकही मल्याळी गाणें कोणीं विचारलें नाहीं. गरब्यांत पहाटेपर्यंत न थकणाऱ्या गुजराती बायका होत्या; त्यांचीं गाणीं खेळाबाहेर. आणि येथून पांचसहा मैलांवर उत्तनचे ख्रिस्ती कोळी आपल्या मराठी बोलींत लग्नाचीं गाणीं गातात, हें तर मंडपांतील किती मराठी माणसांस ठाऊक असेल ह्याची मला शंकाच आहे.

ह्यावर माझ्या कांहीं मित्रांचें उत्तर तयार आहे : "मग हिंदी गाणीं बंदच करा!" हे मित्र उत्साही आहेत. २०२५ च्या एप्रिलांत सरकारनें पहिलीपासून हिंदी शिकविण्याचा निर्णय काढला आणि २९ जून रोजीं तो मागें घेतला. त्याच सुमारास आमच्या मिरा रोडला मराठी बोलण्यावरून एका दुकानदारास मारहाण झाली, व्यापाऱ्यांनीं बंद पाळला, आणि ८ जुलै रोजीं मराठी माणसांचा मोर्चा निघाला. मोर्चाच्या मागणीशीं माझें भांडण नाहीं, मारहाणीशीं आहे. परंतु मोर्चाहून घरीं परतलेलीं माणसें संध्याकाळीं आपल्या मुलांना 'आलोस का' असा संदेश रोमन अक्षरांत धाडतात, हें पाहिलें कीं मारहाण कोणाला व्हावयास हवी होती असा अभद्र विचार मनांत येऊन जातो.

बंदीचा प्रयोग एका मराठी माणसानेंच करून पाहिला आहे. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे १९५२ सालीं नभोवाणी-मंत्री झाले आणि त्यांनीं आकाशवाणीवरून चित्रपटगीतांची जवळजवळ हकालपट्टी केली. हेतु अभिजात संगीताच्या संरक्षणाचा होता. फळ काय मिळालें? श्रोत्यांनीं सुई फिरवून सिलोन लावलें. त्याच वर्षीं तेथून अमीन सायानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली, आणि अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजीं सरकारलाच 'विविध भारती' काढावी लागली. केसकरांपाशीं सबंध आकाशवाणी होती. माझ्या मित्रांपाशीं एक गृहसंस्था आहे.

माझी मागणी ह्याहून साधी आहे, आणि जुनीही आहे. वात्स्यायनाच्या ६४ कलांत प्रहेलिका आहे, अंत्याक्षरीचीच आजी असलेली प्रतिमाला आहे, अक्षरमुष्टिकाकथन आहे. आणि त्याच्याच शेजारीं देशभाषाविज्ञान, म्हणजे निरनिराळ्या प्रांतांच्या भाषांचें ज्ञान, हीही कला म्हणूनच सांगितली आहे. अक्षरें ओळखण्याचा खेळ आम्हांस परक्यांकडून उसना घेण्याचें कारण नव्हतें. तोच खेळ देवनागरींत खेळा. 'मेंदीच्या पानावर' ह्याच्या सोळा रेघा जाऊन सात घरें होतील : तीन आणि चार. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आधीं दाखवावे, जोडाक्षराखालीं एक ठिपका द्यावा, आणि व्यंजनें ओळखावयास ठेवावीं. चुकीसाठीं नऊ अक्षरी 'बॉलिवूड' कशास? 'मिरा भाईंदर' हीं सहा अक्षरें एकेक करून खोडावीं. खेळ अधिक कठीण होईल आणि गांवाचें नांव तरी एकदां शुद्ध लिहिलें जाईल. गाण्याला पालुपदाच्या पहिल्या शब्दांनींच ओळखावें. आमच्या गाण्यांना बारशाचें नांव नसतेंच. गाणें ज्या शब्दांनीं उघडतें तेंच त्याचें नांव. आणि भाषा ज्याची त्यानें निवडावी. गुजराती, कानडी, तेलुगु ह्यांच्या लिप्या वेगळ्या असल्या तरी वर्णमाला आपल्याच घडणीची आहे, त्यामुळें तीं गाणीं ह्या घरांत सहज बसतात. तमिळची थोडी ओढाताण होईल, उर्दूची अधिक होईल. पण रोमनमध्यें ती होत नाहीं असें कोठें आहे?

"इंग्रजी शाळेंतील मुलांना देवनागरी वाचतां येत नाहीं" हा शेवटचा आक्षेप. राज्यांतील सर्व शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा २०२० सालीं झाला. तेव्हां ही अडचण असलीच तर ती पालकांनीं मुलांच्या देखत तरी सांगूं नये. सक्तीनें जें रडत शिकावें लागतें तें फळ्यापुढें आरडाओरडा करीत शिकण्यास मुलांची हरकत नसते, हें मीं माझ्याच घरीं दोन रविवार पाहिलें. केरळच्या त्या गृहस्थांनाही बोलाविलें होतें. त्यांनीं आपल्या थरथरत्या हातानें देवनागरींत पांच घरें काढलीं, आणि तीं कोणालाही भरतां आलीं नाहींत. मग त्यांनीं तें गाणें सबंध म्हणून दाखविलें. तो नऊ वर्षांचा मुलगा दुसऱ्या रविवारीं तेंच गाणें सांगण्याचा हट्ट धरून बसला होता.

संस्थेच्या कार्यकारिणीस मीं पत्र दिलें आहे. पुढील उत्सवांत फळा देवनागरीचा असावा आणि गाणीं सर्व भाषांचीं असावीं, एवढें त्यांत लिहिलें आहे. आणि खालीं, त्या मुलाचे दोन गुण परत करावे, असेंही.