लोकांना कळत नाही, असं म्हणू नका

मुक्त सॉफ्टवेअरवर बोलणाऱ्या मंडळींच्या तोंडी एक वाक्य कायम असतं : ‘लोकांना काही पडलेलीच नाही.’ पुण्यात ऐकलंय, मुंबईत ऐकलंय, ग्रुपवर तर दर आठवड्याला ऐकतो. लोक आळशी आहेत, फुकट मिळालं की सगळा डेटा देऊन टाकतात, प्रायव्हसीची किंमत त्यांना कळत नाही, वगैरे. मला हे वाक्य खोटं वाटतं आणि सोयीचंही. लोकांनाच कळत नाही असं एकदा ठरवून टाकलं, की आपण नीट सांगितलं का हे तपासायची गरज उरत नाही.

सांगणं कसं चालतं ते बघा. कुणीतरी साधेपणाने विचारतं, ‘व्हॉट्सॲपमध्ये वाईट काय आहे?’ उत्तर येतं : ते प्रोप्रायटरी आहे, सेंट्रलाइज्ड आहे, मेटाडेटा गोळा करतं, त्यापेक्षा मेट्रिक्स वापरा, ते फेडरेटेड आहे, आधी होमसर्व्हर निवडा, मग कीचा बॅकअप घ्या. विचारणारा तिसऱ्या शब्दाला नुसती मान डोलवायला लागतो आणि पाचव्याला चहा मागवतो. यावरून निष्कर्ष काय? तर बघा, पडलेली नाही!

पडलेली असते हो. दुकानदाराने बिलासाठी मोबाइल नंबर मागितला की ‘कशाला हवाय?’ म्हणणारी बाई, डीपी कुणाकुणाला दिसेल ते तपासूनच लावणारी मुलगी, आईच्या हातात फोन देण्याआधी नोटिफिकेशन्स पुसणारा मुलगा, ही सगळी माणसं प्रायव्हसीच सांभाळत असतात. ‘माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही’ म्हणणारे काकासुद्धा एटीएममध्ये पिन टाकताना दुसऱ्या हाताने बटणं झाकतात. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं, पण काकांना तो निकाल वाचायची गरज नव्हती. हात आपोआप तिथे गेला.

शब्दांचंच घ्या. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. तेव्हापासून इंग्रजी बोलणाऱ्यांना एकच खुलासा पुन्हापुन्हा करावा लागतोय, की ‘फ्री’ म्हणजे फुकट नव्हे. आपल्याकडे हा घोळ व्हायचं कारणच नाही. मराठीत ‘फुकट’ वेगळा आणि ‘मुक्त’ वेगळा. नाशिकच्या मुक्त विद्यापीठात फी लागत नाही, असं कुणी समजतं का? तरी आपले प्रचारक व्यासपीठावर ‘फ्री सॉफ्टवेअर’ म्हणणार आणि मग दहा मिनिटं त्याचा अर्थ सोडवत बसणार. मुक्त म्हणजे काय, तर प्रोग्राम हवा त्या कामाला वापरता येतो, आत काय लिहिलंय ते वाचता येतं, त्यात बदल करता येतो आणि मूळ किंवा बदललेली प्रत दुसऱ्याला देता येते. बस. व्हीएलसीवर सिनेमे बघितलेत ना? मग मुक्त सॉफ्टवेअर तुम्ही वापरून बसलाय.

बाकी कुणाला नसेल, पण मराठी वाचणाऱ्या-लिहिणाऱ्याला तरी बंद दारांचं दुःख सांगायला नको. ज्यांनी युनिकोडच्या आधी मराठी टाइप केलंय त्यांना विचारा. श्रीलिपीत बसवलेला लेख कृतिदेव असलेल्या मशीनवर उघडला, की पडद्यावर खुणांचा आणि इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा. मजकूर तुमचा, भाषा तुमची, पण तो फॉण्ट नसेल तर तुमचंच लिखाण तुम्हाला वाचता येणार नाही. दिवाळी अंकांचे कितीतरी जुने मजकूर अशा फायलींमध्ये अडकून पडलेत. छापखान्यात ‘कन्व्हर्ट करून द्या’ हे वाक्य अजून ऐकू येतं. युनिकोड आलं तेव्हा कुठल्या एका कंपनीचा फॉण्ट चांगला ठरला, असं झालं नाही. ‘क’ला कुठला आकडा द्यायचा हे सगळ्यांसाठी एकदाच आणि उघडपणे ठरलं. आज मुंबईच्या एक टाइपने केलेला ‘मुक्ता’ हा फॉण्ट कुणीही उचलावा, वापरावा, बदलावा, असा परवाना घेऊन फिरतोय. हा लेख तुमच्या फोनवर, माझ्या फोनवर आणि तुमच्या आत्याच्या जुन्या टॅबवर सारखाच दिसतो तो त्या उघड नियमामुळे. ‘ओपन स्टँडर्ड’ ही अवघड कल्पना आहे, असं मराठी माणसाला सांगणाऱ्याने एकदा डीटीपीवाल्यांशी बोलून यावं.

विकेंद्रित म्हणजे काय, हेही आपल्या खिशात आहेच. जीमेलवरून याहूवर मेल जाते, कॉलेजच्या पत्त्यावर जाते, दोन्ही टोकांना मालक वेगळे असले तरी जाते. मोबाइल नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय २० जानेवारी २०११ पासून देशभर आहे. यूपीआयवर फोनपेवाला गूगल पेवाल्याला पैसे देतो (यूपीआय विकेंद्रित नाही, मध्ये एनपीसीआय बसलेली आहे, पण ॲप बदललं म्हणून भाजीवाला तुटत नाही, एवढं खरं). मग मेसेजचंच घोडं कुठे अडलं? तंत्रज्ञानात नक्कीच नाही. २००५ साली आलेला गूगल टॉक एक्सएमपीपी नावाच्या खुल्या नियमांवर चालायचा, दुसऱ्यांच्या सर्व्हरवरच्या माणसांशीही त्यावरून बोलता यायचं. २०१३ मध्ये हँगआउट्स आलं आणि ते दार लावून घेतलं गेलं. युरोपीय महासंघाने कायदा करून व्हॉट्सॲपवर असं दार उघडायची सक्ती केली. आपल्याकडे ही मागणीच ऐकू येत नाही, कारण ती मागणी काय आहे हे लोकांच्या भाषेत कुणी सांगितलेलंच नाही.

माझी मावशी डबे देते. ऑर्डरी, उधारी, उद्या भाजी कुठली, सगळं एका ॲपवर. एक दिवस तिचं खातं बंद झालं. ॲपचं नाव घेत नाही, कुठल्याही ॲपवर हे होऊ शकतं. कारण सांगितलं नाही, फॉर्म भरला तर ठरावीक उत्तर आलं. अकरा दिवसांनी खातं जसं गेलं तसं परत आलं. तोवर तिचे चार डबे तुटले. मधल्या दिवसांत ती मला विचारत होती, ‘अरे, तक्रार करायला तिथे कुणी माणूसच नाही का? आणि माझी गिऱ्हाइकं घेऊन मी दुसरीकडे जाऊ का नाही शकत?’ विकेंद्रीकरणावर मी जेवढी भाषणं ऐकली, त्यातल्या एकातही हे दोन प्रश्न इतके नेमके आले नव्हते.

यावर काहींचं उत्तर तयार असतं : स्वदेशी ॲप वापरा. कू आठवतंय? २०२० मध्ये आलं, भारतीय भाषांचं म्हणून गाजलं, मंत्र्यांनी खाती उघडली. जुलै २०२४ मध्ये बंद. लोकांनी चार वर्षं तिथे लिहिलं, माणसं जोडली, पण तो गोतावळा उचलून दुसरीकडे न्यायची वाट नव्हती. कुलूप आपल्या देशात बनलं म्हणून किल्ली आपल्या हातात येत नाही.

पण मुक्तवाल्यांनी आपली बाजूही खरी सांगावी. सिग्नल मला आवडतं. ॲपचा कोड उघडा आहे आणि मागे ना-नफा संस्था आहे. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एका ग्रँड ज्युरीने माहिती मागितली, तेव्हा त्यांच्याकडे द्यायला दोनच गोष्टी होत्या : खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. व्हॉट्सॲपचे मेसेजही सिग्नलच्याच पद्धतीने कुलूपबंद होतात, तिथे पत्र सुरक्षित आहे. पण पाकिटावर कुणी कुणाला, केव्हा, किती वेळा हे लिहिलेलं असतं आणि पाकिटं ज्याच्या हातातून जातात त्याला ते वाचता येतं. सिग्नलने शक्य तितकं पाकीटही कोरं ठेवलंय. तरीही सिग्नल विकेंद्रित नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये ॲमेझॉनची क्लाउड सेवा कोलमडली तेव्हा तेही आडवं झालं. मॅस्टोडॉन खरंच विकेंद्रित आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये ट्विटरवर चिडून भारतातून लोंढाच्या लोंढा तिकडे गेला, आणि ‘सर्व्हर निवडा’ या पहिल्याच पाटीपाशी घुटमळून बराचसा परत फिरला. मे २०२३ मध्ये केंद्र सरकारने १४ मेसेजिंग ॲप्स बंद केली, त्यात एलिमेंट आणि ब्रायर ही मुक्त ॲप्सही होती. हे लपवून ‘फक्त हे ॲप टाका, सुटलात’ असं सांगणारा माणूस विमा एजंटपेक्षा फार वेगळा नाही.

म्हणून माझं भांडण ‘सगळं सोडा’ या हट्टाशी आहे. सोसायटीचा ग्रुप, शाळेची सूचना, डब्याची ऑर्डर व्हॉट्सॲपवर असेल तर माणूस ते सोडणार नाही, आणि सोडूही नये. ज्याने कुणाचं काही बिघडत नाही तिथून सुरुवात करावी. गूगल मॅप्सच्या जोडीला ऑरगॅनिक मॅप्स टाका, ट्रेकला रेंज नसताना उपयोगी पडेल. ब्राउझर फायरफॉक्स करा. घरातल्या चार जणांचा एक ग्रुप सिग्नलवर न्या. चारच. ते टाकून देताना शेजारी बसा, आजोबांच्या फोनमध्ये अक्षर मोठं करून द्या, आणि पंधरा दिवसांनी ‘चालतंय का?’ असा फोन करा.

आणि दहा-वीस मित्रांसाठी स्वतःचा सर्व्हर काढायची हौस असेल तर जरूर काढा. भाडं महिन्याला काही शे रुपये, ते वाटून घेता येतं. फक्त ग्रुपमध्ये आधी एवढं ठरवा, की रविवारी रात्री तो बंद पडला तर उठून चालू कोण करणार, आणि तो माणूस नोकरीसाठी बेंगळुरूला गेला की पासवर्ड कुणाकडे राहणार.