सायकल सहल: अंतर नंतर ठरवा, परतीची सोय आधी

दिवाळी झाली, हवेत गारवा आला की सायकली बाहेर निघतात. चाळिशी-पन्नाशीतली मंडळी नवी गिअरची सायकल घेतात आणि महिनाभरात एकच विषय सुरू होतो: "डॉक्टर, या रविवारी शंभर किलोमीटर करायचे म्हणतोय, चालेल ना?" माझे स्पष्ट मत आहे: शंभर हा आकडा मोबाइलच्या पडद्यासाठी आहे, तुमच्या हृदयासाठी नाही. आठवडाभर खुर्चीत बसून रविवारी एकदम शंभर किलोमीटर हाणण्यापेक्षा, नीट आखलेली मध्यम सहल तब्येतीला जास्त उपयोगाची असते.

जालन्याच्या लोकांसाठी उदाहरण घेऊ. जालना–बदनापूर–राजूर–जालना असा त्रिकोण पाहा. अंतर साधारण 75 किलोमीटर. वाटेत घाट नाही, पण सारखे छोटे चढ-उतार आहेत. कडेला मोसंबीच्या बागा, कपाशी, तूर, हरभरा, रब्बीची ज्वारी. राजूरला टेकडीवर गणपतीचे देवस्थान. ताशी 15 किलोमीटर या आरामाच्या वेगाने सायकलवरचे पाच तास आणि थांबे मिळून सहा-साडेसहा तास.

आधी बदनापूर, मग राजूर

गोल फेरीत एक धोका असतो, तो नकाशावर दिसत नाही. सरळ गेलात तर थकल्यावर मागे फिरता येते. गोल फेरीत अर्ध्यावर पोचल्यावर मागे-पुढे दोन्हीकडे अंतर सारखेच. म्हणून "कुठे थकलो तर घरी कसा येईन?" हा पहिला प्रश्न हवा.

माझ्या मते ही फेरी बदनापूरकडून सुरू करावी. जालना–बदनापूर हा मोठा, ट्रकच्या वर्दळीचा रस्ता आहे. तो सकाळी लवकर, ताजेतवाने असताना उरकावा. पश्चिमेकडे जाताना ऊन पाठीवर असते, म्हणजे मागून येणाऱ्या चालकाच्या डोळ्यांवर सूर्य नसतो आणि तुम्ही त्याला नीट दिसता. मात्र निघायचे ते चांगले उजाडल्यावरच. बदनापूरला रेल्वे स्टेशन आहे, राजूरहून जालन्याला एसटी आणि जीपगाड्या मिळतात. दोन्ही ठिकाणी थांबून स्वतःला विचारा: पुढे जायचे की गाडी धरायची? गाडीने परत येण्यात कमीपणा नाही.

अंगारकी चतुर्थीला मात्र हा बेत नको. त्या वेळी भाविक जालन्याहून राजूरपर्यंत चालत जातात, रस्ता गजबजलेला असतो. अंबड-घनसावंगीकडे जाणार असाल तर ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॅक्टर-ट्रॉल्यांपासून जपा. अनेकांच्या मागे दिवा नसतो. समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे, सायकलचा तर प्रश्नच नाही.

तयारी किती हवी?

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. हे तुम्ही सलग दोन-तीन महिने करत असाल, तरच या फेरीचा विचार करा. आधी घाणेवाडी तलावापर्यंत जाऊन या, मग राजूरच्या रस्त्याने निम्म्यापर्यंत जाऊन परत. एका दिवसात 50 किलोमीटर करून दुसऱ्या दिवशी नेहमीची कामे सहज झाली, की 75 ला हात घाला.

वेग ओळखायची सोपी खूण: सायकल चालवताना बोलता यायला हवे, गाता यायला नको. एक वाक्य बोलतानाच धाप लागत असेल तर वेग कमी करा. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी मेटोप्रोलॉलसारखी गोळी घेत असाल तर नाडी नेहमीइतकी वाढत नाही. तुमच्यासाठी हातातल्या घड्याळाच्या आकड्यापेक्षा ही बोलण्याची कसोटी खरी.

यांनी आधी डॉक्टरांना भेटावे

मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार, तंबाखू-सिगारेटचे व्यसन किंवा घरात कमी वयात हृदयविकाराचा इतिहास असेल तर निघण्याआधी तपासणी करा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांची साखर लांबच्या व्यायामात एकदम उतरू शकते. घरी आल्यावर, अगदी त्या रात्रीसुद्धा. डोस किती बदलायचा ते डॉक्टरांना विचारा, मनाने बंद करू नका. खिशात ग्लुकोज ठेवा. हात थरथरले, घाम फुटला, गरगरले तर थांबा, तीन-चार चमचे साखर घ्या आणि 15 मिनिटांनी पुन्हा साखर तपासा.

छातीत दाब किंवा जळजळ, जबडा-खांदा-हाताकडे जाणारी कळ, थंड घाम, नेहमीपेक्षा वेगळी धाप यांपैकी काहीही झाले तर "ॲसिडिटी असेल" म्हणून पुढे जाऊ नका. सायकल आडवी करा, बसा, 108 ला फोन करा. मधुमेहात कधीकधी छातीत दुखतच नाही, फक्त धाप आणि थकवा येतो. म्हणून एकट्याने जाऊ नका, आणि सोबत्याला तुमचा आजार आणि औषधे माहीत असू द्या.

बरोबर काय घ्याल?

निदान दोन लिटर पाणी आणि ओआरएसची पाकिटे. तहान लागायची वाट न पाहता घोट-घोट प्या. शेंगदाण्याची चिक्की, केळी, दशमी उत्तम; वाटेतली भजी परतल्यावर. अंग दुखेल म्हणून निघण्याआधी वेदनाशामक गोळी घेऊ नका. शरीरात पाणी कमी असताना ती मूत्रपिंडाला घातक ठरू शकते. हेल्मेट आणि मागचा लाल दिवा हवाच. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील इतकी सीट उंच ठेवा. सीट खाली असेल तर पन्नास किलोमीटरनंतर गुडघा बोलतो. कुत्रा चावलाच तर जखम 15 मिनिटे साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा.

हिवाळा संपला की या फेरीचा मोसमही संपतो. मार्चपासून मराठवाड्याचे ऊन अकरालाच भाजू लागते, तेव्हा तास-दीड तासाची सकाळची फेरी पुरे. आणि खरे सांगायचे तर हृदयाला वर्षातल्या एका 75 किलोमीटरपेक्षा रोजच्या आठ-दहा किलोमीटरचा फायदा अधिक आहे. सहल हे त्या रोजच्या सवयीचे बक्षीस समजा.