चॉकलेटची गाडी आणि मराठी प्रवासवर्णन

मराठी प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार आज सहल-कंपन्यांच्या माहितीपत्रकाची पुरवणी होऊन बसला आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. विधान कठोर वाटेल. म्हणून एकच उदाहरण घेऊन ते तपासून पाहू.

स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हा सरोवराच्या काठी माँत्रो हे गाव आहे. तेथून डोंगर चढत जाणाऱ्या रेल्वेच्या आधाराने 'चॉकलेट ट्रेन' नावाची सहल वर्षानुवर्षे विकली गेली आहे. प्रवासी सकाळी निघतात, ग्रुयेर परिसरात चीज तयार होताना पाहतात, ब्रोक येथे १८९८ साली उभारलेल्या काये यांच्या चॉकलेट कारखान्यात जातात आणि संध्याकाळी परततात. मराठी लेखकाने ही किंवा अशी सहल केली, की पुढे काय लिहिले जाणार हे वाचकाला आधीच ठाऊक असते. कुरणे 'हिरव्या गालिच्यासारखी' असतात, गाईंच्या गळ्यातल्या घंटा 'मंजुळ' असतात, चॉकलेट 'हवे तेवढे' खायला मिळते आणि अखेरीस 'पृथ्वीवरचा स्वर्ग' येतोच येतो. मुखपृष्ठावरचे नाव झाकले तर एक पुस्तक दुसऱ्यापासून वेगळे ओळखता येणार नाही.

सहलीला कोणी जाऊ नये, असे आम्ही म्हणत नाही. परंतु सहल करून आलेल्या माणसाने पुस्तक लिहिले, तर त्याने काय पाहिले आणि कोणाला काय विचारले, हे विचारण्याचा अधिकार वाचकाला आहे.

ग्रुयेर चीजचेच पाहा. चाकाएवढ्या, सुमारे ३५ किलोच्या एका गोल ठोकळ्यासाठी अंदाजे ४०० लिटर दूध लागते. ते दूध कच्चे असावे लागते. गाईंना मुरघास घालण्यास बंदी असते, कारण त्यातून दुधात येणारे जंतू मुरत ठेवलेले चीज बिघडवतात. पाच महिने मुरल्याखेरीज ते विकता येत नाही. आता आमच्या वर्गातला विद्यार्थी आठवा. सातारा-कोल्हापूरकडच्या त्याच्या घरातून पहाटे डेअरीवर दूध जाते, फॅट लागते, त्यावर दर ठरतो. मुरघास म्हणजे काय हे त्याला शिकवावे लागत नाही. त्याच्या मनात साहजिकच प्रश्न उभे राहतील : मुरघास नाही, तर बर्फाच्या दिवसांत त्या गाई खातात काय? उन्हाळ्यात गवत कापून, वाळवून साठवायचे, तर ती मेहनत कोण करतो? लिटरमागे शेतकऱ्याच्या पदरात किती पडते? प्रवासवर्णनकार काचेआडच्या तांब्याच्या कढईकडे पाहून 'अवाढव्य' असे लिहितो आणि पुढच्या पानावर जातो. ज्या वाचकाला हा विषय लेखकापेक्षा अधिक कळतो, त्याचा विचारच या पुस्तकांत नसतो.

चॉकलेटची कथा याहून गंभीर आहे. चॉकलेटमध्ये दूध मिसळण्याची युक्ती याच सरोवराकाठी, वेवे गावात, डानिएल पेटर याने १८७५ च्या सुमारास साधली. तेव्हा खिडकीतून दिसणाऱ्या गाईचे चॉकलेटशी असलेले नाते खरेच आहे. परंतु कोकोचे झाड त्या देशात वाढत नाही. जगातला निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो. तिथल्या बालमजुरीचे घोर प्रकार २००५ पर्यंत थांबवू, असे मोठ्या चॉकलेट कंपन्यांनी २००१ साली मान्य केले होते. शिकागो विद्यापीठातील संशोधन संस्थेचा २०२० चा अहवाल सांगतो, की २०१८-१९ च्या हंगामात या दोन देशांत सुमारे १५ लाख ६० हजार मुले कोकोच्या कामात राबत होती. गाय दाखवायची आणि कोको वेचणारे मूल दाखवायचे नाही, ही निवड सहल विकणाऱ्याची असते. त्याने ती करणे धंद्याला धरून आहे. लेखकाने ती निमूटपणे आपली मानावी, याला काय म्हणावे?

आणि 'स्वर्गा'तल्या मुलांचे तरी काय? स्वित्झर्लंडमध्ये विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत गरिबांची आणि अनाथांची मुले सरकारी हुकमाने घरापासून तोडून शेतांवर राबायला पाठवली जात. त्याबद्दल तिथल्या सरकारने ११ एप्रिल २०१३ रोजी जाहीर क्षमा मागितली. ही माहिती दडलेली नाही.

साहित्याच्या अभ्यासकांना आणखी एक गोष्ट खटकावी. माँत्रोला लागूनच क्लाराँ आहे. रूसोच्या १७६१ सालच्या 'ज्यूली' या कादंबरीची ही भूमी. याच रूसोने १७६८ च्या आपल्या संगीतकोशात गुराख्यांच्या गाण्याविषयी नोंदवले आहे, की परक्या राजांच्या सैन्यात भाडोत्री शिपाई म्हणून गेलेल्या स्विस तरुणांपुढे ते वाजवण्यास बंदी होती. ते ऐकून शिपाई रडत, पळून जात. त्या 'मंजुळ' घंटांमागे पोटासाठी देशोधडीला लागलेल्या पिढ्या आहेत. आपली प्रवासवर्णने या स्थानकावरून जातात आणि थांबत नाहीत.

यावर ठरलेले उत्तर असे, की वाचकाला आनंद हवा असतो, त्याला आकडे आणि दुःखे कशाला? आनंदाशी आमचे भांडण नाही. 'अपूर्वाई' आनंदाचेच पुस्तक आहे. पण तिथे परदेश पाहणारा मराठी माणूस स्वतःलाही न्याहाळत असतो. शिवाय मराठीचा वारसा मोठा आहे. गोडसे भटजी उत्तरेकडे निघाले ते यज्ञातल्या दक्षिणेच्या आशेने. पण १८५७ त्यांच्यासमोर उभे राहिले तेव्हा त्यांनी मान फिरवली नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली अमेरिकेवर पुस्तक लिहिले. त्या देशाची मनापासून स्तुती करतानाच तिथल्या काळ्या आणि मूळ रहिवाशांवरचा अन्याय त्यांनी नोंदवला. स्तुती आणि चौकशी एकाच पुस्तकात नांदू शकतात, हे सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी मराठीत सिद्ध झाले आहे.

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रवासवर्णनाचा उतारा अभ्यासक्रमासाठी निवडताना मंडळांनी भाषेच्या लालित्याआधी पाहावे, की लेखक तिथल्या एका तरी काम करणाऱ्या माणसाशी बोलला आहे काय. आणि आपण शिक्षकांनी 'लेखकाने केलेले निसर्गवर्णन तुमच्या शब्दांत लिहा' हा प्रश्न बंद करून 'लेखकाने काय विचारायला हवे होते?' हा प्रश्न प्रश्नपत्रिकेत घालावा. पहाटे डेअरीवर दूध घालून कॉलेजात येणारी मुले त्याची उत्तरे आपल्यापेक्षा चांगली लिहितील.