लंगडणं म्हणजे दुखणंच

संध्याकाळी सोसायटीच्या आवारात एखादा लॅब्रेडॉर मागचा पाय जेमतेम बोटांवर टेकवून उभा असतो. सोबतच्या माणसाला विचारावं, तर उत्तर ठरलेलं : "काही नाही हो, जरा लचकलाय. रडत-बिडत नाही, जेवतो व्यवस्थित. आता सवय झालीय त्याला." कुत्रं रडत नाही याचा अर्थ त्याला दुखत नाही, असा होत नाही. जुनं दुखणं ही जात मुकाट सोसते. जेवते, शेपटी हलवत दाराशी येते आणि दुखऱ्या पायावरचा भार बाकीच्या तिन्हींवर टाकते. लंगडणं हीच तिची तक्रार असते.

आमची शेरी बसताना मागचा पाय दुमडून न घेता बाजूला पसरायला लागली, तेव्हा पशुवैद्यांनी तिला आडवं निजवलं. मांडीचं हाड एका हातात, नडगी दुसऱ्या हातात धरून त्यांनी नडगी पुढे सरकते का ते पाहिलं. ती सरकत होती. गुडघ्यातली ही दोन हाडं बांधून ठेवणारं लिगामेंट तुटलं होतं.

कुत्र्याचा गुडघा आपण बहुतेक जण चुकीच्या जागी शोधतो. मागच्या पायाचा जो सांधा उलटा वाकलेला दिसतो, तो घोटा. गुडघा त्याच्या वर, पोटाजवळ असतो. कुत्रं उभं असतानाही हा गुडघा वाकलेलाच राहतो आणि नडगीचा माथा मागच्या बाजूला उतरता असतो. त्यामुळे प्रत्येक पावलाला नडगी पुढे घसरू पाहते आणि तिला लिगामेंट रोखून धरतं. माणसाचं हे लिगामेंट बहुधा खेळताना एका झटक्यात तुटतं. कुत्र्याचं मात्र बहुतेकदा महिनोन् महिने झिजत जातं आणि मग एखाद्या साध्या उडीचं निमित्त होतं. एका पायाचं गेलेल्या कुत्र्यांपैकी जवळपास निम्म्यांचं पुढे दुसऱ्या पायाचंही जातं. म्हणूनच 'सवय झालीय' म्हणत दिवस ढकलणं महागात पडतं.

मोठ्या कुत्र्यांसाठी आज शस्त्रक्रियेचा पर्याय भक्कम मानला जातो. अमेरिकेतल्या बार्कली स्लोकम या पशुशल्यचिकित्सकांनी १९९३ मध्ये मांडलेल्या पद्धतीत नडगीचा माथा कापून फिरवतात, त्याचा उतार कमी करतात आणि प्लेट-स्क्रूने तो पक्का करतात. पण प्रत्येक कुत्र्याला भूल झेपत नाही. कुणाचं हृदय थकलेलं असतं, कुणाची मूत्रपिंडं. कुणाच्या घरात तेवढा पैसा नसतो, आणि त्यात लाजण्यासारखं काहीच नाही. साधारण १५ किलोंच्या आतली बरीचशी कुत्री विश्रांती आणि वजन आटोक्यात ठेवण्यावरही सावरतात. उरलेल्यांसाठी मापाचा ब्रेस, म्हणजे सांध्याला बाहेरून आधार देणारं कवच, हा विचार करण्याजोगा मार्ग आहे.

इथे 'मापाचा' हा शब्द मी जोर देऊन लिहिते आहे. ऑनलाइन मिळणारी स्मॉल-मीडियम-लार्जमधली मऊ पट्टी पायाला ऊब देते, पण नडगीला रोखत नाही. खरा ब्रेस पायाचा साचा घेऊन बनतो. पायावर फायबरग्लासची पट्टी गुंडाळून साचा काढतात, त्यात प्लास्टर ओतून पायाची हुबेहूब प्रतिकृती करतात, तिच्यावर तापवलेलं पॉलिप्रोपिलीन ओढून कवच घडवतात. आत फोमचं अस्तर, गुडघ्याच्या दोन्ही बाजूंना बिजागरी, वर वेल्क्रोचे पट्टे. एवढं करूनही गुडघ्याचा ब्रेस अवघडच, कारण कुत्र्याची मांडी वर जाड, खाली निमुळती आणि कातडी सैल. ब्रेस खाली घसरू बघतो. घोटा किंवा पुढच्या पायाचं मनगट यांवर मांस कमी असल्याने तिथले ब्रेस अधिक नीट बसतात.

ब्रेसने तुटलेलं लिगामेंट जुळत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. तो बाहेरून आधार देतो, तेवढ्या काळात सांध्याभोवतीच्या ऊती घट्ट होतात आणि स्नायू टिकून राहतात. यात घरच्या माणसाचं काम मोठं आहे. पहिल्या दिवसांत थोडाच वेळ घालायचा, हळूहळू वेळ वाढवायचा, रात्री काढून ठेवायचा. काढल्यावर दर वेळी केस बाजूला सारून कातडी बघायची, कारण घासून जखमा होणं हा ब्रेसचा नेहमीचा त्रास आहे. पावसाळ्यात अस्तर ओलं राहिलं तर हा त्रास दुप्पट होतो. गुळगुळीत टाइल्सवर सतरंज्या अंथरायच्या, जिना बंद, फिरणं फक्त पट्ट्याला धरून. आपल्या गोळ्यांच्या डब्यातली वेदनाशामक गोळी कधीही द्यायची नाही : आयबुप्रोफेनने कुत्र्याचं पोट आणि मूत्रपिंडं बिघडतात आणि पॅरासिटामॉल मांजराच्या जिवावर उठतं.

आणि वजन. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिलं की सुमारे पाव लॅब्रेडॉरांमध्ये एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो आणि अशा कुत्र्यांची खाण्याची ओढ जास्त असते. म्हणजे ताटाशेजारी बसून ती मागतात, तो प्रत्येक वेळी हावरटपणा नसतो. पण त्यांच्या वाट्याचा संयम मग आपणच पाळायचा. चहाबरोबरची बिस्किटं आणि पोळीचा तुपाळ तुकडा थांबवला, तर गुडघ्यावरचा भार हलका होतो.

आता माझी मागणी. माणसांसाठी साचे घेऊन आधार घडवणारे कसबी हात आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या आहेत. पुण्यात लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आहे. मुंबईत हाजी अलीला १९५५ पासून पुनर्वसन संस्था आहे, तिथे हे शास्त्र शिकवलंही जातं. तिथून काही किलोमीटरवर परळला १८८६ मध्ये सुरू झालेलं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. थायलंडमध्ये २००६ साली मोशा नावाच्या हत्तीच्या पिल्लाचा पाय भूसुरुंगाने गेला, तेव्हा तिचा कृत्रिम पाय घडवला तो माणसांचे पाय बनवणाऱ्या डॉक्टर थर्डचाय जिवकाते यांनी. ती वाढत गेली, तसे नवे पाय बनत गेले. हत्तीसाठी जे जमलं ते कुत्र्यासाठी नक्की जमेल. पशुवैद्याने सांधा तपासावा, कृत्रिम अवयवांच्या तंत्रज्ञाने साचा घ्यावा, भौतिकोपचार करणाऱ्याने व्यायाम द्यावा, आणि हे तिघं एका टेबलाभोवती बसावेत. पशुवैद्यकीय महाविद्यालयांनी आठवड्यातला एक दिवस अशा संयुक्त तपासणीला दिला, तर ब्रेस ही फक्त ज्यांना परवडतं त्यांचीच गोष्ट राहणार नाही.

तोवर पाळीव प्राणी असलेल्या घरांनी एवढं करावं. जनावर एक दिवसापेक्षा जास्त लंगडलं, तर त्याला पशुवैद्यांकडे न्यावं. ब्रेस मागवण्याआधी नेमका कुठला सांधा, कुठलं लिगामेंट, ते विचारून घ्यावं. ब्रेस बनवणारा साचा न घेता माप सांगा म्हणाला, तर नम्रपणे उठून यावं. आणि 'सवय झालीय त्याला' हे वाक्य घरातून कायमचं काढून टाकावं.